तिच्या काडतुसांवरचं मेण

बायका एकमेकींच्या साड्यांवर जळतात म्हणे. मी जळले ती काडतुसांवर. हसा खुशाल. पण ज्यांनी कधी मॅटवर पालथं पडून, कोपरांना खडे टोचत असताना, पन्नास मीटरवरच्या काळ्या ठिपक्यासाठी श्वास धरलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल. आणि शेजारच्या मॅटवरच्या मुलीच्या पेटीत आपल्यापेक्षा चांगली काडतुसं आहेत हे माहीत असताना तो श्वास धरणं किती अवघड असतं, तेही कळेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं शेत नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. दादा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी सायकलला टोपल्या बांधून फुलबाजारात जायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे मुलींच्या परेडला एकदा रायफली आणल्या, प्रत्येकीला पाच गोळ्या मारायला दिल्या, आणि माझ्या पाचही गोळ्या आठ आण्याच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. झालं! परेडच्या मॅडमनी मला गावाबाहेरच्या रायफल क्लबात पाठवून दिलं. दादांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. सहा महिन्यांनी तेच बाजारात ज्याला त्याला सांगायला लागले, "आमची पोरगी लय नेम मारती." आईला मात्र यातलं काही पटत नव्हतं. "उद्या सासरी जाऊन चुलीपुढं बंदूक धरून बसणार हाय का?" असं ती विचारायची.

क्लबात मुली दोनच. एक मी, दुसरी ती. तिचं घर कॉलेज रोडला, वडील डॉक्टर. ती मोपेडवर भुर्रकन यायची. मी शहर बसने, आणि पुढे माळावरून दीड मैल पायी. तरी आमचं छान जमायचं. दुपारी ती माझ्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खायची, मी तिच्या डब्यातलं सँडविच. ती हसरी होती, कोणाशीही पटकन बोलायची, आणि नेमबाजीत हात चांगला होता. आता लिहिताना मी "हात चांगला होता" असं सरळ लिहिलं. तेव्हा हे तीन शब्द माझ्या तोंडून कोणी काढून दाखवले असते तर मी त्याला आमच्या शेतातली सगळी शेवंती दिली असती.

क्लब सांभाळायचे हवालदार काका. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. रायफली, काडतुसांचं कपाट, रजिस्टर, सगळं त्यांच्या ताब्यात. एक काडतूस इकडचं तिकडे झालं तरी त्यांना झोप यायची नाही. एरवी शांत माणूस, पण रागावले की थेट अहिराणीत शिरायचे, आणि मग समजावं की आता आपलं काही खरं नाही.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या क्लबात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने रायफली, आणि प्रत्येक रायफलीपुढे ती चालवणाऱ्याची काडतुसांची एक पेटी उघडी ठेवलेली. रीत अशी होती की दसऱ्यानंतर जी पहिली स्पर्धा येईल तिला ही पूजेतलीच पेटी वापरायची. फुलं आमच्या शेतातली, म्हणून पूजा मांडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी माझी पेटी उघडली तर काडतुसं बोटांना चिकट लागली. देवापुढे चिकट वस्तू मांडायची आमच्या घरात पद्धत नाही. त्यात शाळेत सत्तावन्नच्या उठावाचा धडा पाठ केलेला, काडतुसांना लावलेली चरबी वगैरे. अगं बाई, माझ्या अंगावर काटाच आला! पूजेसाठी धुतलेलं फडकं होतं, त्याने मी पन्नासच्या पन्नास काडतुसं लख्ख पुसून काढली. आईने देवाची उपकरणीसुद्धा इतकी मन लावून घासली नसती.

पुढच्या रविवारी सराव-स्पर्धा होती. पहिल्या दहा-बारा गोळ्या ठीक गेल्या. मग एक वर, एक डावीकडे, एक कुठे गेली ते दिसलंच नाही. शेवटी तर टार्गेटवर माझ्या गोळ्या अशा विखुरल्या होत्या की जणू कोणी मूठभर मोहरी फेकली. हवालदार काकांनी रायफल हातात घेतली, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरला आणि पुढून आत डोकावले.

"हाई काय शे?" ते ओरडले.

आत शिशाचे काळपट ओरखडे चिकटले होते. काय केलंस विचारलं. मी पूजा, चरबी, फडकं, सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, ते मेण असतं. शिशाची गोळी नळीतून घासत जाते. मेण असलं की ती सरकत जाते. मेण पुसलंस की शिसं नळीला चिकटतं. एकदा चिकटलं की पुढची प्रत्येक गोळी त्याला अडखळून बाहेर पडते. मग नेम कितीही धर, गोळी तिला वाटेल तिकडे जाते." नळी साफ करायला त्यांना अर्धा दिवस लागला. तोपर्यंत सगळा क्लब हसत होता, आणि सगळ्यात जास्त हसली ती. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "अगं, हळदीकुंकू पण लावायचंस ना!" मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये तिचं ते वाक्य मी शंभरदा मनात म्हटलं.

दुसऱ्या वर्षी तिची ती काडतुसं आली.

तिचे मामा पुण्याला, स्वतः जुने नेमबाज. त्यांना परदेशी काडतुसांचा कोटा मिळायचा, आणि त्यातल्या काही पेट्या त्यांनी भाचीसाठी रीतसर आमच्या क्लबाच्या रजिस्टरवर चढवून दिल्या. ती पेटी मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला आजही आठवतो. आत प्लॅस्टिकचा साचा, आणि त्यात पन्नास काडतुसं डोकी खाली करून एकेक आपापल्या भोकात उभी. उचललं की शिशावर मेणाचा बारीक, सारखा थर. कुठे जाड नाही, कुठे उघडं नाही. मी म्हटलं, "छान आहेत." आणि पोटात जे दुखायला लागलं ते पुढचं वर्षभर थांबलं नाही.

आमची काडतुसं कशी होती? खाकी पुठ्ठ्याच्या पेटीत, कपाटात दोन-तीन पावसाळे काढलेली. काहींवर मेण थापलेलं, काहींवर नावालाही नाही. पॉइंट टू टूचं काडतूस म्हणजे एवढीशी पितळी नळी, पुढे शिशाची गोळी. ठिणगी पाडणारा मसाला असतो तो मागच्या कडेच्या घडीत. घोडा पडला की पिन त्या कडेवर आपटते. मसाला कडेभर सारखा पसरलेला असेल, आतली दारू मोजून तेवढीच असेल, तर प्रत्येक गोळी एकाच वेगाने निघते. यात केसाएवढा फरक पडला की एखादी गोळी रेंगाळत निघते आणि मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाऐवजी खाली आठाच्या वर्तुळात जाऊन बसते. तुमचा श्वास बरोबर, बोट बरोबर, नेम बरोबर. तरी आठ. आणि ती कुठली गोळी असेल हे आधी कळत नाही! पन्नासातली पाच-सहा तशी निघणार एवढंच माहीत. तिच्या पेटीत तसं एकही निघायचं नाही.

मग काय करणार? मी माझ्या परीने खटपट सुरू केली. सराफ बाजारातल्या एका सोनाराकडे दादा रोज देवाची फुलं द्यायचे. हवालदार काकांच्या पाया पडून, ते स्वतः सोबत येतील या अटीवर, मी चार पेट्या त्या सोनाराच्या काट्यावर तोलायला नेल्या. दुकानात गर्दी नव्हती. सोनाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "पोरी, लोक इथे सोनं तोलायला येतात. तू शिसं घेऊन आलीस?" पण काटा दिला. सारख्या वजनाची एकीकडे, हलकी दुसरीकडे, जड तिसरीकडे, असे ढीग केले. नंतर प्रत्येक काडतूस आरशाच्या काचेवर लोळवून पाहिलं. जे डुगडुगलं ते बाद. इतकं करून दोनशेतली जेमतेम सव्वाशे हाती लागली. ती स्पर्धांसाठी राखली, उरलेली सरावाला.

फायदा झाला. नाही असं नाही. खालच्या आठांची संख्या निम्म्यावर आली. हवालदार काका सगळ्यांदेखत म्हणाले, "देशी काडतुसावर असा स्कोर मी बघितलेला नाही." मी फुलून गेले. पण चाळीस गोळ्यांच्या प्रत्येक सराव-स्पर्धेत ती माझ्या आठ-दहा गुणांनी पुढेच. मला खात्री होती की हे आठ-दहा गुण तिचे नाहीत, मामांचे आहेत. आणि ती तर स्वतःच तसं म्हणायची! "अगं, माझ्या गोळ्याच चांगल्या. मी कुठली चांगली?" ती हे इतकं हसत म्हणायची की मला वाटायचं हिचे केस उपटावेत. कधी म्हणायची, "घे ना यातली दहा, मारून बघ." मी म्हणायचे, "नको गं, माझ्या रायफलला सवय नाही." सवय कसली डोंबलाची! तिची दहा घेऊन मी जास्त मारले असते तर काय, आणि नसते मारले तर काय, दोन्हीची मला भीती वाटायची. तेव्हा मात्र मी त्याला स्वाभिमान म्हणत होते.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर हवालदार काकांनी सांगितलं, राज्य स्पर्धा पुण्याला आहे, जिल्ह्याच्या संघात मुलींची एक जागा आहे. एकच. दसऱ्यानंतरच्या रविवारी निवड.

इकडे घरी पिंपळगाव बसवंतचं स्थळ सांगून आलं होतं. द्राक्षबाग, पक्कं घर, एकुलता मुलगा. आईला तर कधी एकदा होकार कळवू असं झालं होतं. मी रडले, जेवले नाही, सगळं केलं. शेवटी दादांनी मला वाफ्यापाशी बोलावलं. "हे बघ, संघात आलीस तर एक वरीस थांबू. मी सांगतो त्यांना. नाय आलीस, तर मग माघात उरकून टाकू. मग रडायचं नाय." यापेक्षा जास्त माझ्या बाजूने बोलणं त्यांना शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणजे आता ती जागा मिळाली तर रायफल, नाहीतर बोहला. आणि मधे कोण? ती. जिला जागा मिळाली काय, न मिळाली काय, मोपेड होतीच, बंगला होताच, लग्नाचं कोणी नावसुद्धा काढत नव्हतं. तिला हे सगळं मी सांगितलंही होतं. ऐकून ती म्हणाली, "बापरे! मग तुला जिंकायलाच हवं." असं म्हणायला हिचं काय जातंय, असं माझ्या मनात आलं.

खंडेनवमी आली. मी झेंडूच्या दोन टोपल्या घेऊन सकाळीच क्लबात पोचले. हवालदार काका बाहेर फाटकाला तोरण बांधत होते. ती आली, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "माझी तूच मांड गं, तुझ्या हातचं सुबक होतं. मी पेढे घेऊन येते." आणि मोपेड घेऊन गेलीसुद्धा.

मी पेटी उघडली. ती पन्नास काडतुसं तशीच शिस्तीत उभी. हातात पूजेचं धुतलेलं फडकं होतं. मला कोणी वेड लागलं होतं असं म्हणू नये. मी अगदी शांत होते. काय केलं तर काय होतं हे मला क्लबातल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि कोणी विचारलंच तर उत्तरही तयार होतं: पूजेला चिकट नको म्हणून पुसली, मागच्या वर्षीसारखीच चूक झाली, मी आहेच येडी. एकेक काडतूस मी साच्यातून काढलं, शिशावरचं मेण पुसलं, परत ठेवलं. घाई केली नाही. प्रत्येक पुसताना मला बरं वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटत होतं. एक मोपेडचं. एक बंगल्याचं. एक "मी कुठली चांगली" म्हणण्याचं. पन्नासावं झालं तेव्हा मी फडकं टोपलीच्या तळाशी दडपलं आणि पेटीवर झेंडूची फुलं वाहिली. मग आरती झाली, पेढे वाटले. तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला आणि मी तो खाल्ला.

रविवारी निवड. आम्ही दोघी शेजारी शेजारी. माझ्यापुढे सोनाराच्या काट्यावर निवडलेली काडतुसं, तिच्यापुढे पूजेतली पेटी. पहिल्या दहा गोळ्यांत तिने अठ्ठ्याण्णव मारले. माझे चौऱ्याण्णव. मला वाटलं, मेण पुसून काहीच झालं नाही की काय. मग आठवलं, नळीत आधीच्या सरावाचं मेण असतं, ते काही वेळ पुरतं. दुसऱ्या दहात ती शहाण्णव, मी त्र्याण्णव. तिसऱ्यात ती एक्क्याण्णव. आता ती दोन गोळ्यांच्या मधे जास्त वेळ घ्यायला लागली. मान वर करायची, टार्गेटकडे बघायची, परत गाल लावायची. माझे चौऱ्याण्णव. चौथ्या दहात तिच्या गोळ्या नऊ, आठ, सात अशा पळायला लागल्या. एक उजवीकडे गेली की ती पुढची डावीकडे ओढायची, आणि गोळी पार डावीकडे जायची. मी माझी शेवटची गोळी मारली आणि डोळे मिटून घेतले. तिचे अठ्ठ्याऐंशी, माझे पुन्हा चौऱ्याण्णव. एकूण तिचे तीनशे त्र्याहत्तर. माझे तीनशे पंच्याहत्तर.

लोक माझं अभिनंदन करत होते. तेवढ्यात हवालदार काकांनी तिची रायफल उचलली, पांढरा कागद धरला आणि डोकावले. या वेळी ते ओरडले नाहीत. पेटीत उरलेल्या काडतुसांतलं एक उचललं, अंगठ्याने शिशावर घासलं आणि अंगठ्याकडे बघितलं. मग सरळ माझ्याकडे.

"ही कोणी पुसली?"

तयार ठेवलेलं उत्तर माझ्या तोंडात होतं, पण ते मी गिळून टाकलं. कारण त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं की चूक या शब्दावर ते विश्वास ठेवणार नाहीत. एकदा केली ती चूक. दुसऱ्यांदा, दुसरीच्या पेटीवर, निवडीच्या आधी?

"मीच पुसली, काका," ती म्हणाली. "पूजेसाठी. हिने नको म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

त्यांनी तिला अहिराणीत जे झापलं ते सगळ्या माळाने ऐकलं. डॉक्टरची पोर असून अक्कल नाही इथपर्यंत गेले. ती मान खाली घालून उभी होती. मी तिथेच होते, दोन हातांवर. एक शब्द बोलले नाही. जागा माझी झाली.

निघताना ती माझ्याजवळ आली. मामांच्या दोन सीलबंद पेट्या तिने रजिस्टरवर माझ्या नावाने करून दिल्या होत्या. "एक सरावाला, एक पुण्याला," ती म्हणाली. "आता बघू या तुझं." मला वाटलं हा तिचा मोठेपणा. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण आभार मानायचे सोडून मी त्याच्यावरही जळले. काडतुसं चांगली, वर मनही चांगलं! देवाने एकीला किती द्यावं?

पुण्याला मी त्याच काडतुसांनी उतरले. काय सांगू, काय चीज होती ती! एकही गोळी रेंगाळली नाही, एकही विनाकारण खाली गेली नाही. मी जिथे मारली तिथेच प्रत्येक गोळी बसली. आणि तिथेच सगळी गोची झाली. देशी काडतूस आठात गेलं की मी काडतुसाच्या नावाने बोटं मोडायचे. आता नऊ आला तर तो माझ्या श्वासाचा नऊ होता. आठ आला तर माझ्या बोटाचा आठ. वर्षभर मी जे तिच्या मामांच्या नावावर टाकत होते, ते सगळं टार्गेटवर माझ्याच नावाने लिहून येत होतं. चाळीस गोळ्यांत तीनशे शहात्तर. म्हणजे सोनाराच्या काट्यावर निवडलेल्या काडतुसांपेक्षा एकच गुण जास्त. यादीत माझं नाव कुठेतरी खाली होतं.

परत आले तेव्हा कळलं की ती क्लबात येत नाही. मेडिकलच्या अभ्यासाला लागली. दादांनी शब्द पाळला, एक वर्ष थांबले. पुढल्या वर्षी माझं लग्न पिंपळगावला झालं. द्राक्षं, छाटणी, टेम्पो, मुलं. रायफल परत हातात आली नाही. एक वर्ष मिळवलं होतं, ते वापरून संपलं.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं तेव्हा एका दुपारी दारात गाडी थांबली. ती. आता डॉक्टरीण. वणीला देवीला निघाली होती, वाटेत माझं घर विचारत आली. मी तिला स्वयंपाकघरातच बसवलं, चहा टाकला. तिने मुलांची चौकशी केली, बाग विचारली. आणि मला राहवेना. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं, ते चहा गाळता गाळता मी एका दमात बोलून टाकलं. "ती काडतुसं मी पुसली होती. मुद्दाम."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"तेव्हापासून?"

"पहिलं काडतूस उचललं तेव्हापासून. बोटाला मेण लागलं नाही."

मी गाळणी ठेवली आणि कप तिच्या हातात दिला. "मग थांबली का नाहीस? दुसरी पेटी मागायचीस!"

ती जे बोलली ते तिच्या नेहमीच्या हसऱ्या आवाजात नव्हतं. "सगळे म्हणायचे, हिची काडतुसं मारतात. काका म्हणायचे. तू तर तोंडावर बोलायची नाहीस, पण तुझ्या डोळ्यांत दिसायचं. आणि तुझं काय कौतुक! देशी काडतुसावर असा स्कोर! मी किती जळायचे तुझ्यावर, तुला कल्पना नाही. त्या दिवशी वाटलं, बरं झालं. आता पुसलेल्या काडतुसांनीच हिला हरवते. मग बघू कोण काय म्हणतं. काकांना सांगितलं असतं तर तुझं नाव कापलं असतं. जागा मला मिळाली असती, आणि लोक पुन्हा तेच म्हणाले असते. दोन गुण गं. फक्त दोन. शेवटच्या दहात वाऱ्याचा अंदाज चुकला नसता ना, तर मारलंच होतं मी तुला."

मी हिशोब केला, आणि तो सोपा होता. नळीत शिसं भरलेलं असताना ती माझ्या दोनच गुण मागे होती. आता माफी मागायची, एवढंच उरलं होतं. शब्दही जुळवले होते. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे:

"पण मामांची काडतुसं नसती, तर तू पहिल्या दहात अठ्ठ्याण्णव मारले असतेस का गं?"

तिने कप खाली ठेवला, पर्स उचलली. "येते," म्हणाली. मी दारापर्यंत गेले. गाडी सुरू झाली, वळली, वणीच्या रस्त्याला लागली, आणि मी उंबऱ्यात उभी राहून अजूनही तिच्या उत्तराची वाट बघत होते.